आत्ताच जेवण झालंय

नाफिरी आली तेव्हा मी अंगणात सुपात शेंगदाणे पाखडत बसले होते. गुरुवारची दुपार होती. गुरुवारी गावातल्या बायका आमच्या आंब्याखाली जमत. थोडं शिवणटिपण, एखादं गीत, प्रार्थना, आणि उरलेला सगळा वेळ गप्पा. त्या दिवशी पंचवीस-तीस जणी तरी होत्या. नाफिरी फाटकातून आत आली ती डोक्यावर मडकं घेऊन, आणि कुणाकडे न बघता बायकांमधून वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. गप्पा थांबल्या. म्हाताऱ्या बाईला मान देतायत, असं मला वाटलं आणि मी सूप बाजूला सारलं.

मडक्यात थोब्वा होता. मक्याची पातळ लापशी शिजवायची, निवली की तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ कालवायचं आणि दिवसभर झाकून ठेवायची. मग ती आपोआप गोडसर-आंबूस होते. आमच्या नगरकडच्या आंबिलीची चुलत बहीणच. नाफिरीने वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात थोडा ओतला आणि आधी स्वतः प्यायली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. मग पेल्याची कड पुसली, तो काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

घर सोडून मला आठ महिने झाले होते. त्या वासाने माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की लाज वाटावी. आणि म्हणूनच मी म्हणाले, "नको आगोगो, आत्ताच जेवण झालंय."

आगोगो म्हणजे आजी. वाक्य मी त्यांच्याच भाषेत म्हटलं होतं आणि ते न अडखळता जमलं याचा मला आनंदच झाला. आता ती म्हणणार, घ्या हो थोडा. मी म्हणणार, कशाला उगीच. ती म्हणणार, माझ्यासाठी. आणि मग मी म्हणणार, बरं, अगदी अर्धा पेला. मला आईने हेच शिकवलं होतं. पहिल्या बोलावण्याला हात पुढे करणारी मुलगी हावरट दिसते. मी हात मांडीवर ठेवून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले.

तो आलाच नाही. नाफिरीने पेला क्षणभर तसाच धरला, मग खाली आणला. थोब्वा परत मडक्यात ओतला, मडकं डोक्यावर घेतलं आणि आली तशी निघून गेली. तिने रागाने पाहिलंही नाही. बायका आपापल्या शिवणावर वाकल्या. थोड्या वेळाने कुणीतरी गीत सुरू केलं आणि सगळ्यांनी नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं. थोब्वा गेला म्हणून मी मनात चुकचुकत राहिले. माझी चुकचूक एवढीच होती, हे आज सांगताना बरं वाटत नाही.

ही गोष्ट १९८२ सालची, झांबियाच्या पूर्वेकडच्या चिम्वाला नावाच्या गावातली. माझे यजमान शांतवन भिंगारदिवे गणिताचे शिक्षक. आठवड्याचे सहा दिवस मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी उपदेश द्यायचे. नगरकडच्या तीन ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून आम्हाला पाठवलं होतं. निरोपाच्या सभेत माझ्याबद्दल एकच वाक्य बोललं गेलं, की रत्नमालाबाई तिथे घर सांभाळतील. ते सोपं काम आहे असं तेव्हा माझ्यासकट सगळ्यांना वाटलं होतं.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागे गवती छपराचं वेगळं स्वयंपाकघर. पहिल्या महिन्यात मी मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापून पाहिल्या. त्या तव्यावर पडताच नकाशासारख्या फुटायच्या. शांतवन मुकाट्याने खात आणि नंतर पाणी फार पीत. कामाला येणाऱ्या एस्नातीने तो प्रकार पंधरा दिवस सोसला. ती माझ्याच वयाची, उंच, तोंडाची फटकळ. सोळाव्या दिवशी तिने माझ्या हातातून पीठ काढून घेतलं, पातेलं चुलीवर चढवलं आणि लाकडी डावाने घट्ट न्सिमा घोटून दाखवली. आपली उकड असते तशी, पण घट्ट. हाताने गोळा मोडायचा, बोटांत मळायचा आणि कालवणात बुडवायचा. कालवण म्हणजे बहुधा भोपळ्याच्या पानांची भाजी, आणि तिच्यात शेंगदाण्याचं कूट. पहिल्यांदा ते कूट पाहिलं तेव्हा मला रडूच आलं. हिच्या देशात नवरे बायकांना मारत असतील, असं एस्नातीला वाटलं असावं, कारण तेव्हापासून ती शांतवनांवर नजर ठेवून असे.

तिने मला रीतभात शिकवली ती अशीच, चुलीपाशी. घराबाहेरून 'ओदी' अशी हाक आली की आत ये म्हणायचं. हात धुवायला पाणी आपण घालायचं. आणि पाहुण्याला खाणार का, पिणार का, असं कधी विचारायचं नाही. विचारलं म्हणजे द्यायची इच्छा नाही. असेल ते पुढ्यात ठेवायचं आणि त्याने ते घ्यायचं. पुढ्यात ठेवलेलं पाहुण्याने नाकारलं तर काय, हे तिने शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तसं कुणी करत असेल असं तिच्या डोक्यातच आलं नसणार.

तर त्या गुरुवारनंतर गावाची माझ्याशी वागणूक बदलली. वाईट नाही, उलट चांगलीच झाली. शुक्रवारी विहिरीवर एका बाईने माझा हंडा स्वतः भरून दिला. शनिवारी मुखियाच्या घरून टोपलीभर रताळी आली. त्याची भाची मलिता, जिचं सहा महिन्यांचं बाळ तीन आठवड्यांपूर्वी तापाने गेलं होतं, ती माझ्या दाराशी येऊन माझे हात धरून उभी राहिली. मी बाळाच्या दफनाला गेले होते, तीन दिवस त्यांच्या अंगणात बसले होते. त्याचीच ही ओळख असेल, असं मी धरून चालले. शांतवनांना म्हणालेसुद्धा, की बघा, माणसं जोडायला वेळ लागतो पण जोडली जातात. फक्त एस्नाती माझ्याशी बोलत नव्हती. भांडी नेहमीपेक्षा जोरात घासत होती.

रविवारी नाफिरी देवळात आली. आमच्या देवळात बाकं म्हणजे ओंडके. ती नेहमीच्या ओंडक्यावर, दुसऱ्या रांगेत बसली, आणि आधी बसलेल्या चार जणी एकेक करून उठून मागे गेल्या. पूर्ण उपासनाभर ती लांब ओंडक्यावर एकटी बसून होती. शांतवन त्या दिवशी चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर बोलले. ती शेवटपर्यंत मान वर करून ऐकत होती.

मंगळवारी मी एस्नातीच्या हातातली घासणी काढून घेतली आणि विचारलं, काय झालंय. ती आधी काही नाही म्हणाली. मग चुलीपाशी बसली आणि राखेकडे बघत सांगू लागली. मलिताचं बाळ आजारी पडलं त्याच्या आदल्या दिवशी नाफिरीने मलिताला थोब्वा दिला होता. बाळाला पाजणाऱ्या बाईला देतात तसा. बाळ गेलं, आणि कुणाला तरी तो थोब्वा आठवला. एस्नातीने तो शब्द उच्चारला नाही, नुसता हात हलवला. पण आपल्याकडे करणी म्हणतात तेच. कुजबुज वाढली. नाफिरी विधवा, मुलंबाळं नाहीत, बोलायला सरळ, आणि सत्तरी उलटली तरी तब्येतीने ठणठणीत. एवढं पुरे होतं.

"म्हणून ती तुमच्याकडे आली," एस्नाती म्हणाली. "मुद्दाम गुरुवारी, सगळ्या असताना. आधी स्वतः प्यायली. तुम्ही देवाच्या घरातल्या, परक्या, कुणाच्या बाजूच्या नाही. तुम्ही तिच्या हातचं प्यायला असता तर तोंडं बंद झाली असती. तुम्ही नको म्हणालात."

मी म्हणाले, अगं पण मला प्यायचाच होता.

"मग नको का म्हणालात?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे आधी नको म्हणतात. दुसऱ्यांदाही नको म्हणतात. मग समोरचा आग्रह करतो आणि तिसऱ्यांदा आपण घेतो. नाहीतर बरं दिसत नाही. एस्नाती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळत गेलं की हे ऐकायला किती वेड्यासारखं लागतं.

"भूक लागलेला माणूस नको म्हणतो?"

"हो."

"आणि दुसऱ्याला ते कसं कळतं?"

मी म्हणाले, कळतं आपलं.

मग तिने उरलेलं सांगितलं. सोमवारी मुखियाकडे म्हातारे बसले होते. नाफिरीने शनिवारी गाव सोडायचं ठरलं. नदीपलीकडच्या गावातला तिचा भाऊ बैलगाडी घेऊन येणार होता. ती गेली की तिच्या झोपडीचं छप्पर उतरवणार, म्हणजे परत येण्याचा प्रश्न नको. आमच्या अंगणातून परत गेल्यावर नाफिरीने मडकं घरी नेलंच नव्हतं. वाटेवरच्या दगडावर तिने ते स्वतःच्या हाताने फोडलं होतं. मडक्याच्या खापऱ्या मी रोज पाण्याला जाताना ओलांडत होते.

शांतवन बुधवारी मुखियाकडे गेले. आमच्याकडची रीत, रत्नाची चूक, सगळं त्यांनी गणित सोडवावं तसं पायरीपायरीने सांगितलं. मुखिया सभ्य माणूस होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण तुमच्या बाईंनी केलं ते तीस जणींनी पाहिलं, आणि तुम्ही सांगताय ते मी एकट्याने ऐकलं." शांतवन परत आले आणि बराच वेळ चपला न काढता ओट्यावर बसून राहिले.

मी म्हणाले, मी जाते तिच्याकडे, तिच्या घरी पाणी पिते. एस्नाती म्हणाली की एकटीने जाऊन काही उपयोग नाही, आणि मागून घेतलेलं तर मोजलंच जात नाही. तिने आपण होऊन द्यायला हवं, आणि ते लोकांनी बघायला हवं. "आणि ती आता कशाला देईल?" एस्नाती म्हणाली. "तुम्ही दिलं असतं का?"

शनिवारी सकाळी मी गेले. भाताचं पातेलं तसंच चुलीवरून उतरवून ठेवलं आणि गेले. नाफिरीच्या दारात बैलगाडी उभी होती. भाऊ तिच्यासारखाच वाळका, उंच. अर्धं गाव जमलं होतं, मदतीला नाही, बघायला. मी कुंपणापाशी 'ओदी' म्हणाले. नाफिरी गाठोडं बांधत होती. तिने वर पाहिलं, आत या म्हणाली, आणि परत गाठोड्याकडे वळली. मी अंगणात जमिनीवर पाय दुमडून बसले.

पाहुणा अंगणात बसला की काहीतरी पुढे ठेवावंच लागतं. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, बघणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. तिने ठेवलं नाही. तिने चटई गुंडाळली. कुदळ बांधली. दोन कोंबड्यांचे पाय बांधून गाडीत घातले. ऊन वर येत होतं. मला कुणी हटकलं नाही, पण कुंपणापाशी बायका हळू आवाजात बोलत होत्या ते ऐकू येत होतं. एवढ्या माणसांत नकोशा पाहुण्यासारखं बसायची ती माझी पहिलीच वेळ. शाळेची घंटा झाली, म्हणजे तासभर तरी होऊन गेला होता.

बसल्या बसल्या मला माझं माहेर आठवलं. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात वडील शाळामास्तर होते. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण आम्ही राहत होतो त्याच वस्तीत, गावाबाहेरच्या, आणि गावाला ती ठाऊक होती. शाळेतले दुसरे गुरुजी कधी कागदपत्रं न्यायला यायचे. ओट्याच्या कडेला उभे राहायचे. आईने पितळेचे दोन पेले केवळ त्यांच्यासाठी म्हणून चिंचेने घासून लखलखीत ठेवलेले असत. ती चहा घेऊन बाहेर यायची आणि गुरुजी हसून, अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "नको बाई, आत्ताच झालाय." वडील म्हणायचे, बरं, पुढच्या वेळी. वडील अकरा वर्षं त्या शाळेत होते, आणि अकरा वर्षं गुरुजींचा चहा आत्ताच झालेला असायचा. तो परत आलेला चहा आम्ही भावंडं वाटून प्यायचो. पाहुणे किती चांगले, आपल्यासाठी ठेवून जातात, असं मला लहानपणी वाटायचं. चहा आत नेताना आईचा चेहरा कसा व्हायचा ते मला नंतर, खूप नंतर कळलं. आणि तरीही त्या गुरुवारी माझ्या तोंडात आलं ते त्या गुरुजींचंच वाक्य.

नाफिरी समोर येऊन उभी होती. हातातली दोरी तिने खाली टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आमाई, तुम्हाला तहान लागली आहे का?"

आमाई म्हणजे बाई, आई. शब्द मानाचा होता, पण प्रश्न अपमानाचा होता. पाहुण्याला असं विचारायचं नसतं. तिने तो मुद्दाम, तोलून विचारला होता, आणि तो माझ्या हक्काचाच होता. मी तोंड उघडलं तर खरं सांगते, जिभेवर पहिला शब्द 'नको' हाच आला. अठ्ठावीस वर्षांची सवय होती.

"हो आगोगो," मी म्हणाले. "तहान लागली आहे. आणि भूकही लागली आहे."

आपल्याकडची कुठली बाई भरल्या अंगणात असं बोलली असेल तर मला माहीत नाही. कानशिलं तापली. दोघी-तिघी हसल्या. नाफिरी हसली नाही. तिने बांधलेलं एक गाठोडं सोडलं, त्यातून भोपळ्याचा तोच पेला काढला, रांजणाच्या तळाशी उरलेलं पाणी त्यात ओतलं. पानात बांधलेला रात्रीच्या गार न्सिमाचा गोळा काढला, सोबत चिमूटभर मीठ. पेला तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. या वेळी तिने आधी स्वतः पिऊन दाखवलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी तो पेला एका दमात संपवला. न्सिमा कडक झाली होती, घशाखाली उतरेना, तरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली आणि बोटं चाटली. मग मी आणखी पाणी मागितलं. तिने दिलं.

मलिता गर्दीतून वळून निघून गेली. मुखिया पुढे आला आणि त्याने निर्णय दिला. गाडीचे बैल सोडायचे. आठ दिवस थांबायचं. आठ दिवसांत आमाईंना काही झालं नाही तर नाफिरी राहील. त्याने हे माझ्यासमोरच सांगितलं, पावसाचा अंदाज सांगावा तसं.

आता यातली गोम अशी, की आमच्या घरी पाणी उकळून प्यायचं हा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. रांजणाच्या तळाचं पाणी मी आठ महिन्यांत प्यायले नव्हते. सोमवारी पहाटे माझं पोट बिघडलं, आणि असं बिघडलं की उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

एस्नाती आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. मीठ-साखरेचं पाणी, भाताची पेज, पेरूच्या पानांचा काढा. दिवसातून दोनदा ती मला उभी करायची, पदर नीट करायची, डोक्यावर अर्धा भरलेला हंडा ठेवायची आणि विहिरीपर्यंत चालवायची. ती माझ्या बाजूने चालायची आणि मोठमोठ्याने हसून बोलायची. मी मान डोलवायची. स्वयंपाक मी मुद्दाम अंगणात मांडला. ज्या कालवणाच्या वासानेच मला मळमळायचं, ते ढवळत मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात हलवून नमस्कार केले. बायका फाटकाशी थांबून माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या. त्या आठ दिवसांत गावाने माझ्या तब्येतीची जेवढी काळजी वाहिली तेवढी माझ्या सासूनेही कधी वाहिली नाही.

शांतवनांना हे पटत नव्हतं. ते म्हणाले की रत्ना, हे खोटं वागणं आहे. मी त्यांना विचारलं, मला कुणी विचारलंय का, पोट कसं आहे म्हणून. विचारलं तर खरं सांगेन. त्यांनी थोडा विचार केला आणि त्या दिवशी पेज त्यांनीच ढवळली. सुदैवाने मला कुणी विचारलं नाही. तिकडे पाहुण्याला असलं विचारत नाहीत.

नवव्या दिवशी नाफिरीचा भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला. देवळात ती त्याच ओंडक्यावर बसली. पहिल्या रविवारी एस्नाती तिच्या शेजारी जाऊन बसली, महिनाभराने आणखी दोघी. मलिता कधीच बसली नाही, आणि तिला कुणी दोष दिला नाही, नाफिरीनेही नाही.

आम्ही चिम्वालात आणखी चार वर्षं होतो. नाफिरी आमच्याकडे यायची. मी पुढ्यात ठेवेन ते खायची. माझी मक्याची भाकरी एव्हाना जमू लागली होती, तीही तिने खाल्ली आणि न्सिमा बरी म्हणाली. मी तिच्याकडे गेले की ती शेंगा ठेवायची, उकडलेली कणसं ठेवायची, पाणी तर असायचंच. पण थोब्वा तिने चार वर्षांत पुन्हा केला नाही. माझ्यासाठी नाही आणि कुणासाठीच नाही. नवं मडकंही घेतलं नाही. मी एस्नातीला एकदा म्हणाले, मला एकदा तरी प्यायचा आहे गं. ती म्हणाली, मग माग. आणि मागून घेतलेलं मोजलं जात नाही हे तिनेच शिकवलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

शहाऐंशी सालच्या जूनमध्ये आम्ही परत निघालो. मिशनचा ट्रक सकाळीच दारात येऊन उभा होता. ट्रंका चढल्या, वळकट्या चढल्या, प्रार्थना झाली, रडणं झालं. शांतवन पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेही. तेवढ्यात बायका बाजूला सरकल्या आणि मधून नाफिरी आली. डोक्यावर कोरं, लाल मडकं होतं. ती माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. गुडघे आता दुखत होते, वेळ लागला. भोपळ्याचा तोच पेला तिने काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

मी दोन्ही हात पुढे केले. तिने पेला मागे घेतला.

"तसं नाही," ती म्हणाली. "एस्नातीने मला सगळं सांगितलंय. तुमच्याकडे आधी नको म्हणायचं असतं. मग मी परत विचारायचं. तीनदा. मी तीनदा विचारायला आले आहे, आमाई. घेणार का थोब्वा?"

बायका हसत होत्या. एस्नाती दुसरीकडे बघत डोळे पुसत होती. ट्रक घरघरत होता. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडलं, पण जन्मभर घरोघरी सहज म्हटलेला तो शब्द काही केल्या बाहेर पडेना. नाफिरी वाट बघत होती. मी नुसती मान हलवत राहिले, हो म्हणून की नाही म्हणून ते माझं मलाच कळत नव्हतं.

मग तिने स्वतःच दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि पेला माझ्या हातात दिला. आमच्या आंबिलीपेक्षा थोडा गोड होता.